हानताई आणि लग्नाचा पलंग

मकावमध्ये सगळ्यात चांगलं हॉटेल कुठलं, असं बाहेरून आलेले लोक टॅक्सीवाल्याला विचारतात. त्याला काय कळतंय कप्पाळ! तो बिचारा दारापर्यंत सोडतो आणि वळतो. विचारायचं तर कुओक साऊ-हान यांना विचारावं. एकतीस वर्षं त्यांनी या गावातल्या तीन बड्या हॉटेलांत खोल्या आवरल्या, दिवसाला चौदा. हॉटेलातल्या पोरी त्यांना हानताई म्हणतात, आणि आपणही तेच म्हणू.

या हॉटेलांची खरी नावं लांबलचक आणि परदेशी. काम करणाऱ्यांची तोंडं तिथवर वळत नाहीत, म्हणून त्यांनी आपली नावं पाडलीत. जुन्या गावातलं, मनोऱ्यावर घड्याळ असलेलं ते घंटाघर. समुद्रात भर घालून केलेल्या जमिनीवरचं, सगळ्या भिंती काचेच्या, तो आरसा. आणि त्याच्या पलीकडचं सगळ्यात नवं, वळणावळणाचं, तो शंख. हानताई घंटाघरात सत्ताविसाव्या वर्षी लागल्या, मग आरसा झाला, आणि गेली सहा वर्षं त्या शंखात आहेत.

"घंटाघर म्हणजे कसं," हानताई सांगतात, "खोली बेताची, गालिच्याला सिगारेटचा वास, पण चादर सुती. धुऊन धुऊन अशी मऊ झालेली, की कोपरा एकदा दुमडला की माणूस उठेपर्यंत हलत नाही. गादी एका हाताने उचलते. गिऱ्हाईक सगळं जुगारी. खाली खेळायला जाताना खोलीतले सगळे दिवे चालू ठेवून जाणार. आपण एक जरी विझवला आणि तो हरला, तर आपली धडगत नाही."

"आणि आरसा?"

"आरशाचं न्हाणीघर माझ्या घराएवढं. पण गादी! गादी कसली, म्हैस ती. उचलायला जावं तर बसकण मारते. आणि माणसाला डोकं एक, उशा सात. त्या सात उशांनी माझा उजवा खांदा खाल्ला."

"शंख?"

"शंखात पडदे बटणावर, टब खिडकीशी, आणि कामगारांचं जेवण तिन्हींत फक्कड. चादर मात्र गुळगुळीत, रेशमासारखी. कोपऱ्यातून सुटते मेली. तिला धरून ठेवायला हात लागतो."

मग कुणीतरी विचारतंच, की ताई, पण झोपायला कुठलं चांगलं? तेव्हा हानताई हसतात. "मला काय माहीत? मी बसलेसुद्धा नाही कधी." आणि हे खरं आहे. घंटाघरात पहिल्याच आठवड्यात तिथल्या म्हाताऱ्या मुकादम बाईने दम दिला होता की घातलेल्या बिछान्यावर टेकलीस तर त्याच दिवशी घरी. दुसरा नियम, रिकाम्या खोलीतही शिरण्याआधी तीनदा टकटक करायची आणि दाराच्या बाजूला सरकून उभं राहायचं. आत कोणी न दिसणारं असेल तर त्याला निघायला वाट हवी ना! हानताईंनी दोन्ही नियम जन्मभर पाळले. एक तर घरची जबाबदारीच तशी होती. नवरा लिव्हरच्या दुखण्याने चार महिन्यांत गेला, तेव्हा त्या बत्तीस वर्षांच्या होत्या आणि पोरगा तीनचा.

तो पोरगा पाक-हेंग आता लिफ्ट दुरुस्त करतो, याच हॉटेलांच्या. हॉटेलची परीक्षा आई गादीवरून करते आणि लेक लिफ्टवरून, असा त्या घरातला कारभार. त्याचं लग्न ठरलं सिओ चेंग-यीशी. पोरगी बालवाडीत शिकवते, हसरी आहे, आणि पोरांच्या सवयीने मोठ्यांनाही "शाब्बास" म्हणून जाते. तिची आई सिओबाई सुक्या मासळीचं दुकान चालवते. बाईचा आवाज असा, की दुकानात बोलली तर नाक्यावरच्या बसमध्ये ऐकू यावं.

दोन्ही घरं चहाला बसली तो रविवार. टेबलावर कोळंबीच्या वाफवलेल्या करंज्या, तांदळाची पेज, आणि सिओबाईंनी आणलेली तिन्ही हॉटेलांची रंगीत पुस्तकं. लग्नाची पंगत कुठे द्यायची, हा प्रश्न. जिथे पंगत तिथे नवरा-नवरीला एका रात्रीची बडी खोली फुकट मिळते, हा आमच्याकडचा रिवाज.

"शंखच!" सिओबाईंनी पुस्तकावर बोट आपटलं. "घंटाघरात कोण जातं आता? म्हातारे, पेज खायला. मी माझ्या गिऱ्हाइकांना काय तोंड दाखवू?"

"जेवण घंटाघराचं उजवं आहे," हानताई हळूच म्हणाल्या. "डुकराच्या पिल्लाचं भाजणं तर तिथलंच. आणि खोलीतली चादर सुती असते."

"चादर! अहो विहीणबाई, पाहुणे काय चादर बघायला येणारेत?"

"आई, झोपणार मी आहे," चेंग-यी म्हणाली. "मला कळू दे की चादरीचं."

"घंटाघराची लिफ्ट महिन्यातून दोनदा अडकते," पाक-हेंग करंजी चावत म्हणाला. "नवरी अडकली मध्येच, तर मलाच बोलावतील सोडवायला. लग्नाच्या कोटात."

सगळे हसले, आणि हसता हसता शंख ठरला. सिओबाईंपुढे तसाही कुणाचा पाड लागला असता? हानताईंनी विहिणीच्या पेल्यात चहा ओतला, सिओबाईंनी दोन बोटांनी टेबलावर टिकटिक करून आभार मानले. आणि मग सहज, मासळीचा भाव विचारावा तसं विचारलं, "पलंग कोण मांडणार?"

गेला महिनाभर हानताईंच्या मनात दुसरं काही नव्हतं. नवऱ्या मुलाच्या घरी लग्नाआधी पंचांग बघून पलंग मांडतात. लाल चादर, लाल दुलई, वर खजूर, कमळबी, शेंगा. हे मांडायचं भरल्या घरच्या सवाष्णीने, जिचा नवरा आहे, मुलं आहेत. विधवेने त्या पलंगाला बोटसुद्धा लावायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. हानताईंनाही होतंच की. पण हिशेब न करताही त्यांना माहीत होतं की आजवर लाखावर बिछाने घातले, परक्यांचे. दारुड्यांचे घातले, हरून रडणाऱ्यांचे घातले, नवरा-नवरींचेही शेकड्यांनी घातले. त्या जोडप्यांचं पुढे काही वाईट झालं का? कोण जाणे, सांगायला परत कोण येतो! आणि आपल्या एकुलत्या एक पोराचा बिछाना मात्र दुसरीने घालायचा. दुसरं काही त्यांना येतही नव्हतं त्याला द्यायला. सोनं नव्हतं, नाणं नव्हतं, गोड बोलणंही बेताचंच होतं. चादरीचा तो एक कोपरा तेवढा त्यांच्यासारखा गावात कुणाला येत नव्हता.

दुसऱ्या कुणी बोलण्याआधी त्या स्वतःच म्हणाल्या, "आमच्या थोरल्या जाऊबाई मांडतील. लाय-फोंग. त्यांचा हात शुभ आहे."

"मग झालं! पण हॉटेलातल्या खोलीचं काय हो? पहिली रात्र तर तिथेच. तो बिछाना कोण घालतं?"

"ज्या बाईचा मजला असेल ती."

"म्हणजे कोणीही? एखादी विधवासुद्धा?"

पाक-हेंगने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. सिओबाईंच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता, आणि ही बाई माघार घेणाऱ्यांतली नव्हे. "मी आपलं विचारलं," म्हणत त्यांनी पेज पुढे ओढली.

विचारून थांबल्या असत्या तर ठीक. त्या दुसऱ्याच दिवशी शंखाच्या पंगत विकणाऱ्या माणसाकडे गेल्या आणि सवाष्णच हवी म्हणून अडून बसल्या. त्या कोट घातलेल्या तरुणाला आधी काही कळेना. मग कळलं, आणि त्याने लगेच कागदावर लिहून दिलं, 'शुभशय्या, विनाशुल्क.' हॉटेलवाले हो! त्यांना चंद्र मागा, ते म्हणतील कितव्या मजल्यावर पाठवू.

जोडप्याचं घर सेक पाय वानच्या सरकारी इमारतीत, सत्ताविसाव्या मजल्यावर. पलंग मांडायचा मुहूर्त लग्नाच्या आठवड्यातल्या बुधवारी सकाळी नऊ ते अकरा. थोरल्या जाऊबाई लाल जाकीट घालून आल्या. गुबगुबीत बाई, नवरा धडधाकट, तीन मुलं, सासू ब्याण्णव वर्षं जगली ती यांच्याच हातचं खाऊन. पेठेतले निम्मे पलंग त्यांनीच मांडलेत. आशीर्वाद असे खळखळा येतात, की ऐकत राहावं. पण बिछाना? देवा रे! चादर टाकली, चार बाजूंनी चापटली, झालं. सिओबाई लेकीला माहेरकडून द्यायचा लाल बिछाना घेऊन आल्या होत्या, त्या भक्तिभावाने बघत होत्या. हानताई उंबऱ्याबाहेर, हात पाठीमागे बांधून.

"शंभर वर्षं एकत्र नांदा, घर पोराबाळांनी भरो..." जाऊबाईंचं चाललं होतं. चादर शंखातल्यासारखीच गुळगुळीत. पायाकडचा डावा कोपरा लोंबत होता. हानताईंचे हात नुसते शिवशिवत होते. त्यांनी नजर खिडकीकडे वळवली, तर खिडकीच्या काचेतही तोच कोपरा दिसे.

"साऊ-हान, ते खजुराचं ताट आण गं," जाऊबाई म्हणाल्या.

हानताईंनी ताट आणलं. पलंगाच्या पायाशी उभ्या राहून पुढे केलं. जाऊबाईंनी ते घेतलं, हात मोकळे झाले, आणि एकतीस वर्षांची सवय कुठे जाणार? डाव्या हाताने गादी उचलली, उजव्याने चादर ओढली, पाकिटाची घडी घातली, आत सारली. हे सगळं झाल्यावरच त्यांना कळलं की झालं.

"अहो!" सिओबाई किंचाळल्या. "अहो, काय केलंत हे! हात लावलात!"

"लागला तर लागला," जाऊबाई गडबडून म्हणाल्या. "घरचीच आहे ती."

"घरची आहे म्हणूनच ना! घरचीचा तर जास्त बाधतो! माझ्या लेकीच्या कुंकवाचा प्रश्न आहे!"

हानताई भिंतीला टेकल्या. शरमेने कान तापले होते, आणि शरमेच्याही खाली भीती होती. सिओबाई ओरडल्या ते काही नाही, त्या सुक्या मासळीवरही ओरडतात. पण माझ्या पोराला काही झालं तर?

पंचांग पुन्हा उघडलं. त्याच दिवशी दुपारी तीन ते पाचचा मुहूर्त निघाला, नशीब. सगळा बिछाना उतरवून, गादी उलटी करून पुन्हा मांडायचं ठरलं. हानताई खाली गेल्या आणि बस थांब्याच्या बाकावर बसल्या. किती बसा गेल्या त्यांनी बघितलं नाही. पाच वाजून गेल्यावर पाक-हेंग वनौषधींच्या थंड चहाचा डबा घेऊन आला आणि शेजारी बसला.

"रडतेयस?"

"नाही. मघाशी रडले. झालं ते."

"आई, मी या सगळ्यावर विश्वास ठेवत नाही, तुला माहितीये."

"मी तरी कुठे ठेवते? पण तू माझा एकटा आहेस रे. विश्वास नाही म्हणून पैज लावायची का तुझ्यावर?"

त्याने डबा उघडून दिला. त्या घोटभर प्यायल्या.

"कोपरा कसा झालाय?" हानताईंनी विचारलं.

"लोंबतोय."

दोघंही हसले, पण हानताईंचं हसू फार टिकलं नाही.

लग्न शनिवारी. हानताईंची रजा शनिवारपासून होती, शुक्रवारी कामावर होत्या. सकाळी मजल्याच्या देखरेखीची आयरीन, पिनांगहून आलेली तरतरीत पोरगी, खोल्यांच्या याद्या वाटत होती. "ताई, तुमच्या चौदात ही एक जास्तीची. ३८१८. उद्याच्या लग्नाची आहे, आजच तयार करून बंद ठेवायची. वर 'शुभशय्या' लिहिलंय. म्हणजे काय ते मला नाही माहीत, पण म्हटलं, तुमच्यासारखा कोपरा कुणाचा बसतो?"

हानताईंनी यादी बघितली. खोलीपुढे नावं होती, चाओ आणि सिओ. चाओ हे त्यांच्या नवऱ्याचं, म्हणजे पोराचं आडनाव. आयरीनला कुठलं ठाऊक! मकावात चाओ काय कमी आहेत?

३८१८च्या दाराशी त्यांनी तीनदा टकटक केली आणि बाजूला सरकून उभ्या राहिल्या. आत गेल्या, दार लावून घेतलं. बटणावर पडदे उघडले. खोली त्यांच्या ओळखीचीच होती, अशा बारा खोल्या होत्या त्या मजल्यावर. मधोमध उघडी गादी. हानताईंनी गाडीवरून चादर घेतली, घडी उलगडली, आणि तिथेच थांबल्या.

कुणाला कळणार होतं? हॉटेलने काम दिलं होतं. कागदावर त्यांचंच नाव होतं. विहीण इथे नाही, पंचांग नाही, जाऊबाई नाहीत. घातला असता असा ताठ, की पोराच्या पाठीला सुरकुती लागली नसती. इतकी ओढ त्यांना आयुष्यात दुसऱ्या कशाची लागली नव्हती, नवऱ्याच्या आजारपणात देवळात बसायच्या तेव्हाची सोडून. चादर छातीशी धरून त्या उभ्या राहिल्या. यादीतल्या बाकीच्या चौदा खोल्या खोळंबल्या होत्या.

मग त्यांनी दार उघडलं आणि समोरच्या खोलीतल्या मारिसेलला हाक मारली. मारिसेल फिलिपिनो, कामाला चपळ, तोंडाने त्याहून.

"मारिसेल, तुझा नवरा आहे ना गं?"

"आहे की. तिकडे गावी, इलोइलोत. चार वर्षं तोंड नाही बघितलं, पण आहे. का, हवाय?"

"मुलं?"

"तीन."

"आई-बाप, सासू-सासरे?"

"सगळे जिवंत. सगळे जेवतात. ताई, हे काय, माझी सोयरीक जुळवताय की काय?"

"हा बिछाना तू घाल. तुझ्या दोन खोल्या मी करते."

मारिसेलने यादीकडे बघितलं, मग हानताईंच्या तोंडाकडे. "चाओ. तुमचा पोरगा?"

"हो."

"मग तुम्हीच घाला ना! तुमच्याइतका कुणाला येतो?"

"मी विधवा आहे."

"आमच्यात असलं काही नसतं."

"आमच्यात असतं," हानताई म्हणाल्या, आणि हात पाठीमागे बांधून खिडकीशी उभ्या राहिल्या.

मारिसेल पुढे आली. तिने चादर झटकली. हानताई तिथून सांगत राहिल्या. "अजून ओढ. हाताने नाही गं, कमरेतून. गुडघा लाव गादीला. आता पाकीट. दाब, दाब, वरून हात फिरव. ही सुरकुती दिसत नाही का तुला?" तीन कोपरे झाले. चौथ्याशी मारिसेल थांबली.

"हा एक तुम्ही घाला, ताई. मी डोळे मिटते."

"तू मिटशील. मी कुठे मिटू?"

चौथाही मारिसेलनेच घातला. फार सुरेख बसला. हानताईंनी तिच्या पाठीवर थाप मारली, तिच्या दोन खोल्या आवरल्या, आणि आपल्या चौदा. त्या दिवशी त्या एक तास उशिरा घरी गेल्या.

लग्न छान झालं. पाक-हेंग आणि चेंग-यीने गुडघे टेकून चहा दिला. हानताईंशेजारच्या, सासऱ्यांच्या रिकाम्या खुर्चीपुढेही चेंग-यीने एक पेला ठेवला, कुणी न सांगता. तेव्हा हानताईंना रडू आवरलं नाही. पंगतीत सिओबाई टेबलाटेबलाला फिरून सांगत होत्या, "खोली बघितलीत? बिछाना बघा एकदा. सवाष्णीचा हात आहे तो, मी मुद्दाम लिहून घेतलंय. शुभ हात लगेच कळतो!" हानताईंनी ऐकलं आणि डुकराच्या भाजणाचा तुकडा विहिणीच्या ताटात वाढला. भाजणं घंटाघराच्या पासंगालाही पुरत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी सकाळी चेंग-यीचा फोन आला.

"आई, एक विचारू? चादर पायाकडून सुटते हो. रात्री तीनतीनदा. पाक-हेंगचा अंगठा अडकतो तिच्यात, मग तो झोपेत लाथा मारतो."

"थोरल्या जाऊबाईंना विचार. त्यांनी मांडलाय."

"विचारलं. त्या म्हणाल्या, माझी पण सुटते गं, चाळीस वर्षं झाली. म्हणाल्या, साऊ-हानला बोलाव. पलंगाचा मान होऊन गेला, आता नुसतं अंथरूण आहे ते."

हानताईंनी फोन ठेवला. मग चप्पल घालून निघाल्या.

सत्ताविसाव्या मजल्यावर चेंग-यीने दार उघडलं. हानताईंनी आतल्या खोलीच्या उघड्या दारावरही तीनदा टकटक केली आणि बाजूला सरकल्या. चेंग-यी हसत सुटली. "आत मीच राहते, आई!"

"असू दे. सवय." त्या उंबऱ्यावरच थांबल्या. "झोपलात ना दोघं यावर?"

"आई!" पोरीचे कान लाल झाले. "झोपलो."

"मग हरकत नाही."

त्यांनी बाह्या दुमडल्या. जुनी चादर एका झटक्यात काढली, दुसरी हवेत अशी उडवली, की ती आपणहून चारी बाजूंना सारखी पडली. चेंग-यी "शाब्बास!" म्हणाली आणि जीभ चावली. पहिला कोपरा हानताईंनी सावकाश घालून दाखवला, दुसरा चेंग-यीला घालायला लावला, हसून मोडला, पुन्हा घालायला लावला.

"तुमचा पलंग कोणी मांडला होता?" चेंग-यीने विचारलं.

"जाऊबाईंनीच. असाच मुहूर्त बघून. हेच सगळे आशीर्वाद, शंभर वर्षं नांदा. कोपरा तेव्हाही लोंबत होता." त्यांनी गादीखाली हात सारला. "तुझे सासरे चार वर्षांत गेले."

चेंग-यीचे हात थांबले. "मग... मग याला काय अर्थ आहे, आई? तुम्हाला कशाला बाहेर उभं केलं?"

"अर्थ नसेलही. पण माझा हात लागलेला बिछाना तसाच राहिला असता आणि उद्या तुम्हाला कुणाला साधा ताप जरी आला असता, तर मी स्वतःला खाल्लं असतं. तुझी आई तेवढ्यासाठीच ओरडली. तिची तू, माझा तो. तिचा राग नाही मला." कोपऱ्याकडे वळत त्या म्हणाल्या, "होता. आता नाही."

शेवटचा कोपरा त्यांनी स्वतः घातला. तळहाताने वरून एकदा सपाट केलं, उशा ठेवल्या, दोनच, आणि दोन पावलं मागे सरून बघितलं. चादरीवर रेघ नव्हती. मग हात पुसत त्या दाराकडे वळल्या.

"बसा ना, आई. चहा टाकते."

हानताईंनी खुर्ची शोधली. खोलीत खुर्ची नव्हती.

"पलंगावर बसा की."

"घातलेल्या बिछान्यावर बसत नाहीत."

"हॉटेलात नसतील बसत. हे तुमच्या पोराचं घर आहे." आणि चेंग-यीने त्यांना खांद्याला धरून, बालवाडीतल्या पोराला बसवावं तसं, पलंगाच्या कडेला बसवलं.

हानताई बसल्या. आधी अर्ध्याच टेकल्या, पायांवर भार ठेवून, मग नीट बसल्या. गादी खाली दबली आणि थांबली. त्यांनी दोन्ही हात बाजूला चादरीवर ठेवले.

"कशी आहे?" चेंग-यीने विचारलं.

"जरा कडक आहे," हानताई म्हणाल्या, आणि तळवा चादरीवरून फिरवला. "चांगली आहे."

त्या लगेच उठल्या. बसल्या होत्या तिथे खळगा पडला होता, भोवती सुरकुत्या. हात आपोआप तिकडे गेला. चेंग-यीने मनगट धरलं.

"राहू दे, आई. तो तसाच राहू दे."

हानताईंनी हात मागे घेतला, आणि त्याच जागी पुन्हा बसल्या.